पाळणा लांबवायचा, पण कसा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी सलग नऊ दिवस शाळेत आली नाही. हुशार मुलगी. उर्दूचे अक्षर मोत्यासारखे, पाढे तोंडपाठ. पोफळीत पावसाळ्यात गैरहजेरी नवी नाही. कुंभार्लीच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो की चार दिवस छत्रीसुद्धा उघडवत नाही. पण नऊ दिवस म्हटल्यावर आम्ही शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडले. कडेवर अकरा महिन्यांचा भाऊ, पाठीमागे सहा वर्षांची बहीण, चुलीवर भात. "अम्मी चिपळूणला दवाखान्यात आहे, आपा," एवढेच म्हणाली.

खरी गोष्ट नंतर कळली. मुलीचे वडील दोह्याला ड्रायव्हर आहेत. उन्हाळ्यात दोन महिन्यांची रजा काढून आले, जूनमध्ये परत गेले. जुलैत बाईची पाळी चुकली. बाळ अंगावर पीत होते, त्यामुळे दिवस राहणारच नाहीत अशी तिची ठाम समजूत. घरात कोणाला सांगायची लाज आणि शौहर फोनवर. शेवटी कोणाकडून तरी मेडिकलमधून "पाळी आणायच्या" गोळ्या मागवल्या आणि घेतल्या. पंधरा दिवस अंगावरून जात राहिले. चक्कर येऊन मोरीत पडली तेव्हा घरच्यांना कळले. हिमोग्लोबिन सहावर आले होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, तेव्हा कुठे ती उठून बसली.

ती वाचली. अल्लाहचे शुक्र. पण आम्ही त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो. आम्ही बीएड केलेले, दोन भाषा शिकवणारे. पालकसभेत याच बाईला मुलीच्या शुद्धलेखनाबद्दल दहा वेळा बोललो असू. तिला जे खरोखर माहीत असायला हवे होते, त्याबद्दल कोणीच तिच्याशी बोलले नव्हते. आम्हीही नाही. म्हणून हा लेख. विषय नाजूक आहे, काही घरांत मासिक उघडे ठेवताना संकोच वाटेल. तरीही वाचावे ही विनंती. सासूबाईंनीही वाचावे, आणि घरातल्या पुरुषांनी तर जरूर वाचावे.

आधी दीनचा प्रश्न

कारण आपल्या घरात पहिला प्रश्न हाच येतो. "हे जायज आहे का?"

हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, कुरआन अवतरत होते त्या काळात सहाबा अज्ल करत असत. अज्ल म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पतीने वेळेवर बाजूला होणे. त्या काळी माहीत असलेला हा गर्भनिरोधाचा मार्ग होता. याबद्दल नापसंती दाखवणारी रिवायतही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण बहुसंख्य फुकहांनी दोन्हींचा मेळ घालून अज्ल हराम नाही, असाच निष्कर्ष काढला, आणि पत्नीची संमती असावी अशी अट अनेकांनी घातली. आपल्या कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई मसलकाचे. त्याच मसलकाचे थोर इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये या विषयावर सविस्तर लिहिले आहे. पत्नीची तब्येत जपणे, बाळंतपणातला धोका टाळणे, जास्त मुलांमुळे येणारी ओढाताण टाळणे ही कारणे त्यांनी ग्राह्य धरली आहेत. नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात बाईच्या जिवाचा विचार केलेला पाहून आम्हाला आजही बरे वाटते.

आपल्या काळातला मोठा निर्णय १९८८ सालचा. जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने कुवेतच्या अधिवेशनात असे ठरवले की, दोन बाळंतपणांत अंतर राखण्यासाठी किंवा काही काळ गर्भ टाळण्यासाठी तात्पुरती साधने वापरणे जायज आहे. मात्र कारण रास्त असावे, पतिपत्नीची परस्पर संमती आणि सल्लामसलत असावी, साधनाने इजा होऊ नये आणि राहिलेल्या गर्भावर आघात होऊ नये. त्याच निर्णयात, गरजेशिवाय स्त्री किंवा पुरुषाची संततीची क्षमता कायमची नष्ट करणे नाजायज ठरवले आहे. आणि कोणत्याही सरकारने कायदा करून लोकांच्या मुलांवर बंधन घालू नये, असेही म्हटले आहे.

म्हणजे तात्पुरत्या साधनांबाबत वाट मोकळी आहे. ऑपरेशनबाबत बहुसंख्य उलेमा वैद्यकीय गरज विचारतात. तिसऱ्या सिझेरियननंतर डॉक्टर म्हणाले की पुढचे बाळंतपण जिवावर बेतेल, तर तो कागद घेऊन आपल्या आलिमांना विचारावे. आमचा अनुभव असा की डॉक्टरांचे म्हणणे नीट समजावून सांगितले की जाणते मौलाना बाईचा जीव पहिला धरतात. घोळ होतो तो अर्धवट निरोपांमुळे. "तांबी हराम आहे म्हणे," असे कोणीतरी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले असते. कोणत्या आलिमांनी, कोणत्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले, हे कोणालाच माहीत नसते.

गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, ही आयतही या चर्चेत हमखास येते. ती जन्मलेल्या लेकरांबद्दल आहे. गर्भ राहण्याआधीच अंतर ठेवण्याला ती लावता येत नाही, असे अनेक आलिमांनी स्पष्ट केले आहे.

भीती कुठून आली

आमच्या वडिलांच्या पिढीला 'कुटुंबनियोजन' हा शब्द ऐकला की अंगावर काटा येई. त्याला कारण होते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष होते. अनेक ठिकाणी सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्रात तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळाने मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. गावात जीप दिसली की पुरुष रानात पळत, हे आम्ही लहानपणी घरात ऐकले आहे. ती भीती पुढे नातवंडांपर्यंत आली. आज सक्ती नाही. कोणते साधन घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे कागदोपत्री तरी पूर्णपणे आपल्या हातात आहे. पण पुरुषांनी त्या वेळी जे अंग काढून घेतले ते काढलेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळपास ३८ टक्के घरांत बाईचे ऑपरेशन झालेले आढळले, आणि पुरुषाचे फक्त ०.३ टक्के घरांत.

याच पाहणीतला आणखी एक आकडा. १९९२-९३ साली मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुले होत. २०१९-२१मध्ये हे प्रमाण २.३६ झाले. हे जबरदस्तीने झाले नाही. मुली शिकल्या म्हणून झाले. मोबाइलवर आपल्याबद्दल जे फिरते ते वाचून मन खट्टू होते, तेव्हा हा आकडा आठवावा.

आणि आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाचे नाव या विषयात घ्यायलाच हवे. रघुनाथ धोंडो कर्वे, दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८८२. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणात वारली. पुढे ते मुंबईत गणिताचे प्राध्यापक झाले, आणि १९२१ साली त्यांनी तिथे संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना सुरू झाला तेही हेच वर्ष. या कामापायी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, कोर्टाच्या फेऱ्या मारल्या. धर्माबद्दलची आणि स्त्रीपुरुष संबंधांबद्दलची त्यांची मते आम्हाला पटणारी नाहीत, ते आपल्या वाटेचे प्रवासी नव्हेत. पण आई बाळंतपणात गमावलेल्या कोकणातल्या मुलाने आयुष्यभर हाच विषय धरून ठेवला, हे आम्हाला विसरता येत नाही.

टेबलावरची साधने

आता मुख्य मुद्दा. त्या घटनेनंतर आम्ही गावातल्या आशाताईंना विनंती केली. एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, वर्गाची दारे लोटून पंधरा-वीस बायका बसल्या. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर आल्या. टेबलावर सगळी साधने मांडली. सुरुवातीला नुसते हसू. एका आजीबाईंनी तांबी हातात घेऊन विचारले, "एवढीशीच? मला वाटलं, तांब्याएवढी असेल." मग मात्र प्रश्न थांबेनात.

सिस्टरांनी जे सांगितले ते, आणि आम्ही नंतर वाचून पडताळले ते, दोन्ही मिळून इथे देतो. एक हिशेब आधी सांगतो. काहीच साधन न वापरणाऱ्या १०० बायकांपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. पुढचे आकडे याच्याशी ताडून पाहावेत.

अज्ल, म्हणजे बाजूला होणे. आपल्या समाजात हा मार्ग जास्त चालतो, कारण विचारायला कुठे जावे लागत नाही. पण वर्षभरात १०० पैकी सुमारे २० जणींना दिवस राहतात. काहीच नसण्यापेक्षा बरे, पण भरवशाचे नाही. बाळ वर्षाचेही नसताना, किंवा तब्येत नाजूक असताना, एवढ्यावर विसंबू नये.

निरोध. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतो. नेहमीच्या वापरात १०० पैकी सुमारे १३ जणींना दिवस राहतात, दर वेळी आणि नीट वापरला तर दोघींना. बाईच्या शरीरावर त्याचा काही परिणाम नाही आणि आजारांपासूनही बचाव होतो. परदेशातून दोन महिन्यांसाठी येणाऱ्या शौहरांसाठी हे सगळ्यात सोपे साधन. बाईने वर्षभर काही घ्यायला नको. आम्ही हे म्हटल्यावर वर्गात शांतता पसरली. मग मागून एक जण म्हणाली, "आपा, ते आमच्या मालकांना तुम्हीच सांगा." सगळ्या हसल्या, पण बोलणे खरे होते. बॅग भरताना साबण, अत्तर, चॉकलेट आठवते. हेही आठवले पाहिजे.

माला-एन. रोजची गोळी. पाकिटात २८ गोळ्या, त्यांतल्या २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. नेहमीच्या वापरात १०० पैकी सुमारे ७ जणींना दिवस राहतात, आणि त्याचे मुख्य कारण विसरणे. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या पुढे चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरावा. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर गोळी लगेच काम करते, एरवी सात दिवस थांबावे लागते. शौहरांचे तिकीट ठरले की त्याआधीच्या पाळीला सुरुवात करावी, ते विमानतळावरून निघाल्यावर नव्हे. रमजानमध्ये गोळी इफ्तारनंतर ठेवली की रोजाचा प्रश्न येत नाही. मात्र बाळ सहा महिन्यांच्या आतले आणि अंगावर पिणारे असेल, रक्तदाब जास्त असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन गेली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल, किंवा पस्तिशीनंतर तंबाखूची विडी-सिगारेट असेल तर ही गोळी घेऊ नये. आधी रक्तदाब मोजून घ्यावा.

छाया. ही गोळी आपल्या देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली. बाजारात 'सहेली' नावाने आली, सरकारी योजनेत 'छाया' म्हणून मिळते. हिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे मळमळ, वजन वगैरे तक्रारी कमी. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. मग तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी. त्यानंतर आठवड्यातून एकदाच. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पाळी थोडी लांबते, रक्त कमी जाते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला हे सोयीचे. पण लांबलेल्या पाळीला बायका घाबरतात म्हणून आधीच सांगितलेले बरे. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करून घ्यावी. अंडाशयात गाठी (पीसीओडी) असतील किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अंतरा. दर तीन महिन्यांनी दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन. नेहमीच्या वापरात १०० पैकी सुमारे ४ जणींना दिवस राहतात. घरात कोणाला कळत नाही, म्हणून काही बायकांना हेच आवडते. बाळाला पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर घेता येते. तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येत असल्यामुळे रमजान मध्ये येत असेल तर तारीख पुढेमागे करता येते. दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्याव्यात. पहिली, सुरुवातीचे महिने पाळी कशीही येते, थेंब थेंब जात राहते आणि पुढे बहुतेकींची बंदच होते. पाळी बंद म्हणजे रक्त आत साचते, हा गैरसमज आहे. अस्तर तयारच होत नाही, तर साचणार काय? दुसरी, इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात पुढचे मूल हवे असेल तर हे साधन आपले नव्हे.

तांबी, म्हणजे कॉपर-टी. १०० पैकी एकीलाही जेमतेम दिवस राहतात. एक प्रकार पाच वर्षे चालतो, दुसरा दहा वर्षे. काढली की पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. तांबीबद्दल सगळ्यात जास्त अफवा. ती पोटात फिरते, काळजापर्यंत जाते, पुरुषाला टोचते. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिथून काळजाला वाट नाही. क्वचित ती निसटून बाहेर येते किंवा सरकते, म्हणून पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का हे पाहायला शिकवतात. आणखी एक समज असा की, तांबी राहिलेला गर्भ पाडते. तिचे मुख्य काम शुक्रजंतूंना निकामी करणे आहे, म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीचे. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाते आणि पोट दुखते, हे मात्र खरे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, गरज असेल तर आधी लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. बसवताना बाई डॉक्टर किंवा सिस्टरच हवी, असे स्पष्ट सांगावे. मागायला लाजू नये.

इथे एका बाईने जो प्रश्न विचारला तो कोणत्याच सरकारी पत्रकात सापडणार नाही. "अंगावर थोडंथोडं जात राहिलं तर नमाजचं काय?" या एका कारणासाठी कितीतरी बायका साधन मध्येच सोडतात आणि कोणाला सांगत नाहीत. आपल्या फिक्हमध्ये याचे उत्तर आहे. शाफई मसलकात हैजची जास्तीत जास्त मुदत पंधरा दिवस, हनफी मसलकात दहा दिवस. त्यापुढे जाते ते इस्तिहाजा. त्यात नमाज आणि रोजा माफ होत नाही, दर नमाजच्या वेळी स्वच्छता आणि वुजू करून नमाज पढायची असते. पंधरा दिवसांच्या आतच थांबून पुन्हा डाग दिसले तर हिशेब कसा धरायचा, हे कॅलेंडरवर तारखा लिहून आलिमाबाईंना दाखवावे. तारखाच नसतील तर त्या तरी काय सांगणार? आम्ही त्या दिवशी सगळ्यांना एकच काम सांगितले: पाळीची तारीख लिहायची. गृहपाठच दिला म्हणा.

ऑपरेशन. बाईचे आणि पुरुषाचे, दोन्ही. पुरुषाचे सोपे. टाका नाही, दहा-पंधरा मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. पुरुषत्व जात नाही, ताकद जात नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि नंतर तपासणी करून घ्यावी लागते. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावे लागते, भूल लागते. तरीही सगळीकडे बाईलाच टेबलावर झोपवतात. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरात तेरा बायका दगावल्या. पुढे २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. ऑपरेशन दवाखान्यातच, सगळ्या तपासण्या करून व्हावे. दोन्ही ऑपरेशने कायमची समजावीत. पुन्हा जोडता येते हे तोंडी आश्वासन धरून चालू नये. दीनच्या बाजूने काय विचारायचे ते वर आलेच आहे. आम्ही पोफळीकर हे धरणाच्या भाषेत समजून घेतो. कोयनेचे दरवाजे उघडतात, बंद होतात. बोगदाच बुजवला तर गोष्ट वेगळी.

अंगावर पाजणे

त्या मुलीच्या आईचा जीव ज्या समजुतीने धोक्यात आला ती पूर्ण खोटी नव्हती. अर्धी खरी होती, म्हणून जास्त घातक. बाळाला पाजत असताना दिवस राहत नाहीत, पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या पाहिजेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. त्याला दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध हवे, वरचे पाणीसुद्धा नको. आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही असतील तर १०० पैकी दोघींनाच दिवस राहतात. तिचे बाळ उन्हाळ्यात आठ-नऊ महिन्यांचे होते, पेज आणि वरणभात खात होते. म्हणजे कवच केव्हाच गेले होते. पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, कारण बीज आधी तयार होते आणि पाळी नंतर येते. हे सांगितल्यावर त्या वर्गातल्या निम्म्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

कुरआनात आईने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत. आम्हाला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

मेडिकलमधल्या गोळ्या

दोन गोळ्यांची गल्लत होते. एक तातडीची गोळी. साधन फाटले, विसरले, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले. ती बीज बाहेर पडणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती अडचणीची सोय आहे, दर महिन्याचे साधन नव्हे.

दुसरी गर्भपाताची. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी काही ठिकाणी देतात. गर्भ नळीत असेल, आठवडे जास्त झाले असतील, अंगात रक्त कमी असेल, तर या गोळ्यांनी जीव जातो. आधी तपासणी लागते, कधी सोनोग्राफी लागते. गर्भपाताबद्दल दीनचा हुकूम गर्भनिरोधापेक्षा कितीतरी कडक आहे, आणि तो प्रश्न डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारल्याशिवाय सोडवू नये. कायद्याने १९७१ पासून डॉक्टरांकडे गर्भपाताला परवानगी आहे, २०२१च्या दुरुस्तीनुसार साधन फसले हेही त्यातले एक कारण आहे. ज्या बाईने चोरून गोळ्या घेतल्या तिला बोल लावण्याआधी, तिच्यापर्यंत निरोधचे पाकीट किंवा छायेची गोळी का पोचली नाही, हे आपण स्वतःला विचारावे. गोळ्या घेऊन रक्तस्राव होत असेल, तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप किंवा चक्कर असेल, तर एक मिनिट न थांबता दवाखाना गाठावा आणि काय घेतले ते खरे सांगावे. चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ला फोन केला की गाडी येते.

निवड कोणाची

आम्हाला सगळ्या बायका शेवटी हेच विचारतात, "आपा, यातलं चांगलं कोणतं?" असे एक कोणतेच नाही. नुकतेच लग्न झालेल्या आणि वर्षभर थांबायचे असलेल्या जोडप्याला निरोध किंवा गोळी. दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर हवे असेल तर तांबी. शौहर बाहेरगावी असतील तर निरोध, तांबी किंवा छाया. एखादे साधन मानवले नाही तर ते बदलता येते, त्यात हार कसली? आमच्या घरात आम्ही स्वतः तीन साधने बदलली. पहिल्याने मळमळ व्हायची, दुसऱ्याने पाळीत रक्त फार जायचे, तिसरे नऊ वर्षे चालले. पण दरवेळी दोघे बसून बोललो. बेगम आणि शौहर यांची मशवरा करण्याची सवय लग्नाच्या पहिल्या वर्षी लागली तर लागते, नंतर अवघड जाते.

सासूबाईंना एक सांगायचे आहे. तुमच्या काळी आठ बाळंतपणे झाली, त्यांतली पाच मुले जगली, हे तुम्हीच आम्हाला सांगता. सून अंतर ठेवते म्हणजे तिला नातवंडे नकोत असे नाही. जी आहेत त्यांच्यासाठी तिला उभे राहायचे आहे.

ती मुलगी आता शाळेत नियमित येते. तिच्या आईला रक्त वाढेपर्यंत तांबी नको असे डॉक्टरांनी सांगितले. सगळे समजून घेतल्यावर तिने छाया निवडली. दोह्याला फोन करून शौहरांनाही सांगितले. त्यांनी आधी दोन दिवस काही उत्तर दिले नाही, मग गोळीचे नाव नीट लिहून पाठव म्हणाले. पाळीचा पहिला दिवस शुक्रवारी आला, म्हणून सिस्टरांनी कॅलेंडरवर शुक्रवार आणि सोमवार लाल पेनने गोल करून दिले. तीन महिने झाल्यावर आता फक्त शुक्रवार राहिला आहे. घरात तिला 'जुम्याची गोळी' म्हणतात. आठवण ठेवायचे काम लेकीकडे आहे. पण ती कशासाठी आहे हे तिला माहीत नाही. "अम्मीच्या ताकदीची गोळी," असे ती आम्हाला सांगते.